भोपळ्याचा वेल बुडाशी सडतो तेव्हा

प्रश्न : आमचे गाव चिपळूणपासून थोडे आत आहे. घरामागच्या परड्यात न्हाणीच्या शेजारी मी दर वर्षी मृगात लाल भोपळ्याच्या चार-पाच बिया टोकते. यंदा एकच वेल जगला, पण असा फोफावला की श्रावणात मांडव पुरेना. गणपतीच्या आठ-दहा दिवस आधी पाऊस उघडला आणि पाने दुपारी मान टाकू लागली. संध्याकाळी सावरत. तहान लागली असेल म्हणून मी पाणी वाढवले. चार दिवसांनी पाने सकाळीसुद्धा उभी राहिनात. बुंध्याचा पाचोळा बाजूला केला तर खोड तपकिरी आणि मऊ झालेले, बोटाने दाबले की साल सुटते. कडेने पांढरे तंतू आहेत आणि मातीत मोहरीसारखे दाणे दिसतात. वर नारळाएवढी सहा फळे लागली आहेत. राख टाकली, हळद टाकली. शेजारी म्हणतात दृष्ट लागली, दुकानदार म्हणतो बुरशीनाशक फवारा. वेल वाचेल का? गेल्या वर्षी त्याच जागी वांग्याची दोन झाडे अशीच गेली होती.

उत्तर : ताई, तुमचे पत्र आले त्याच दिवशी फोनवर थोडक्यात बोललो होतो. पण या पावसाळ्यात अशी बरीच पत्रे आली आहेत, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

जो बुंधा मऊ झाला, तो परत टणक होत नाही. सडलेले खोड भरून काढणारे औषध कोणत्याही दुकानात नाही, आणि पानांवर फवारलेले औषध उतरत उतरत बुंध्यापर्यंत पोचेल ही आशाही धरू नका. वेल मात्र अजून वाचू शकतो. भोपळ्याचा वेल एकाच मुळावर जगायला बांधलेला नाही. त्याच्या प्रत्येक पेराशी, जिथून पान, तणावा आणि फूल निघते तिथेच, मूळ फुटण्याची सोय असते. पेराला ओली माती लागली की आठ-दहा दिवसांत पांढरी मुळे सुटतात. हा वेल मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतल्या ओआखाका भागात गिला नाकित्झ नावाची गुहा आहे, तिथे सापडलेल्या लागवडीच्या भोपळ्याच्या बिया सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. तिकडे तो मक्याच्या ताटांमधून जमिनीवर रांगत वाढवला जाई आणि रांगता रांगता जागोजाग मुळे रोवी. आपण त्याला मांडवावर चढवतो, तेव्हा फळे चिखलापासून वाचतात हे खरे, पण ती सगळी वरची पेरे मातीला मुकतात. मग वीस हातांचा वेल बुडाच्या एका वितीवर अवलंबून राहतो, आणि ती वीत सडली की सगळा संसार कोसळतो. तुमच्या परड्यात नेमके हेच झाले.

तेव्हा पहिले काम असे. धारदार चाकू घ्या, पाते उकळत्या पाण्यात बुडवून काढा. सडक्या भागाच्या वर एक हात अंतरावर खोडाला अगदी लहानशी तिरकी खाच देऊन आत पाहा. आतला गर पांढरट-हिरवा आणि रसरशीत असेल तर तिथून वरचा वेल निरोगी आहे. तपकिरी रेघ दिसली तर आणखी वर सरका. निरोगी भाग सुरू झाल्यावर पुढची तीन-चार पेरे मातीला लावायची आहेत. वेल सैल असेल तर मांडवावरून हलकेच उतरवून जमिनीवरच्या उंचवट्यावर टेकवा. उतरत नसेल तर माती त्याच्याकडे न्या: एखादे पिंप किंवा दगडांची रास उभी करून त्यावर मातीने भरलेली गोणी ठेवा आणि पेर त्या मातीत चार बोटे दाबून वर एक दगड ठेवा. पान दाबू नका, पेर तेवढे दाबा. माती ओलसर हवी, चिखल नको.

दुसरे काम मनाला जड जाईल. सहापैकी चार फळे काढा. वरच्या दोन घ्या किंवा खालच्या दोन, पण दोनच ठेवा. मूळ नसलेल्या वेलाला सहा फळे आणि सुपाएवढी पाने एकदम पोसता येत नाहीत. पाणी कमी पडले की तो सगळीच सोडून देतो. काढलेली कोवळी फळे वाया जात नाहीत, त्यांची भाजी दुधीइतकीच चांगली होते. खालची पिवळी पडलेली पानेही काढा. नव्या पेरांना मुळे धरली, म्हणजे हलके ओढून पाहिल्यावर पेर मातीला घट्ट वाटले, की मगच सडका बुंधा कापून टाका. त्याआधी कापू नका. सडका दिसला तरी त्यातून थोडे पाणी चढत असते, आणि ते आठ दिवस फार मोलाचे असतात.

पाणी वाढवले यात तुमची चूक झाली असे मी म्हणणार नाही, कारण तहानलेला आणि सडलेला वेल दुपारी अगदी सारखाच दिसतो. निरोगी भोपळासुद्धा कडक उन्हात मान टाकतो; त्या मोठ्या पानांतून पाणी उडते तितक्या वेगाने मुळे ते ओढू शकत नाहीत. म्हणून भोपळ्याची तब्येत दुपारी पाहू नये, सकाळी सात वाजता पाहावी. रात्रभर विसावा मिळूनही पाने लोंबलेली असतील तर पाण्याला हात लावण्याआधी खाली वाकावे, बुंध्याभोवतीचा पाचोळा सारावा आणि खोड बोटाने दाबून पाहावे. माती ओली आणि पाने मलूल, हे दोन्ही एकत्र दिसले तर दोष मुळाशी किंवा बुंध्याशी आहे असे धरून चालावे.

आता दोषी कोण. पत्रात तुम्ही मोहरीसारखे दाणे लिहिलेत, त्यामुळे माझे काम सोपे झाले. वेल सडवणारे तीन-चार वेगवेगळे रोग आहेत, आणि त्यांचे उपाय एकमेकांना लागू पडत नाहीत. दुकानात सगळ्यांवर एकच पुडी मिळते, म्हणून हे नीट समजून घेणे भाग आहे.

तुमच्याकडचा दाणेवाला रोग स्क्लेरोशियम रॉल्फसी या बुरशीचा. पीटर हेन्री रॉल्फ्स यांना फ्लोरिडात १८९२ साली टोमॅटोवर ती दिसली, त्यांचेच नाव तिला मिळाले. पाचशेहून अधिक जातींच्या वनस्पतींवर ती जगते. भुईमूग, मिरची, टोमॅटो आणि तुमची ती गेल्या वर्षीची वांगी, सगळे तिच्या ताटात येतात. वांगी गेली त्याच मातीत भोपळा गेला, यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही. ही बुरशी मातीच्या वरच्या काही बोटांतच कामाची असते, कारण तिला हवा लागते. आधी ती अर्धवट कुजलेल्या पाचोळ्यावर आणि कच्च्या शेणावर पोसते, बळ आले की शेजारच्या जिवंत खोडाकडे वळते. ऑक्झॅलिक आम्ल सोडून ती पुढच्या पेशी आधीच मारते आणि मग खाते. तिला ऊब आणि ओल दोन्ही हवीत. श्रावणाअखेर पाऊस उघडून ऊन पडते आणि जमीन अजून भिजलेली असते, ते दिवस तिच्यासाठी अगदी जुळून येतात. ते मोहरीदाणे म्हणजे तिचे बी समजा. ते मातीत कित्येक वर्षे तग धरतात.

म्हणून तुम्ही बुंध्याशी घातलेली राख किंवा हळद तिला रोखू शकली नाही. तिच्यावर खात्रीचा घरगुती उपाय म्हणजे माती उचलणे. वेल निघाल्यावर बुंध्याभोवती एक-दीड हात रुंद आणि वीतभर खोल माती, तंतू आणि दाण्यांसकट, जपून काढा. वाटेत सांडू देऊ नका. दूर कोपऱ्यात दोन हात खोल खड्डा करून त्यात पुरा आणि वर चांगली माती दाबा. तेवढ्या खोलीवर तिला हवा मिळत नाही आणि दाणे हळूहळू निकामी होतात. फावडे आणि चपला धुऊन घ्या. दाणे चिकटलेले फावडे घेऊन मिरचीच्या वाफ्यात गेलात तर पुढच्या वर्षीचे पत्र मिरचीविषयी असेल.

दुसरा दोषी फायटोफ्थोरा कॅप्सिसी. त्याचे नाव कोकणाला अनोळखी वाटेल, पण भाऊबंद ओळखीचे आहेत: सुपारीचा कोळे रोग याच कुळातल्या जातींमुळे होतो, आणि १८४५ नंतर आयर्लंडमधले बटाटे ज्याने खाऊन टाकले तोही याच कुळातला. कॅप्सिसी जातीचे वर्णन लिओनियन यांनी १९२२ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत मिरचीवर केले. दिसायला बुरशी, पण खरे तर तो बुरशीच्या घराण्यातला नाही, समुद्रातल्या तपकिरी शेवाळाला जवळचा आहे. त्याचे बीजाणू दोन शेपट्यांनी पाण्यात पोहतात. वेलाभोवती काही तास पाणी साचले की ते पोहत बुंध्याशी पोचतात. खूण अशी: दाणे नाहीत, पांढरे जाड तंतू नाहीत, बुंधा पाणी मुरल्यासारखा गडद आणि लिबलिबीत होतो, आणि पाने पिवळी होण्याची वाटही न पाहता दोन-तीन दिवसांत सगळा वेल हिरवाच्या हिरवा कोसळतो. जमिनीला टेकलेल्या फळावर पिठीसाखर भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसला की शंका उरत नाही.

तिसरा डिंक्या. हा घाटावर, थंडीच्या तोंडाशी जास्त दिसतो, कारण त्याला वीस-पंचवीस अंशांची हवा मानवते. बुंध्याला किंवा पेराला चीर पडते, तिथून तांबूस डिंकाचे थेंब येतात, पुढे वाळक्या सालीवर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके उठतात. हा घाईने मारत नाही. वेल महिना-दीड महिना रेंगाळतो आणि कधी कधी फळे पिकवूनच जातो. तो बियांतून येतो आणि जखमेतून शिरतो, म्हणून पावसाच्या दिवशी वेल छाटू नये, ओली पाने हाताळू नयेत.

दाणे, पीठ आणि डिंक, एवढ्या तीन खुणा लक्षात ठेवल्या तरी दहातल्या आठ वेळा निदान घरच्या घरी होते. उरलेल्या दोन वेळांसाठी बुंध्याचा तुकडा, निम्मा सडलेला आणि निम्मा चांगला असा, कागदात गुंडाळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, वाटेत तो इतका सडतो की कुणालाच काही ओळखता येत नाही. तुमच्या बाजूला दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आहे. तिथे नेलेला तुकडा ताजा असेल तर दहा दुकानदारांच्या सल्ल्याहून त्याचा उपयोग अधिक.

औषधाचे म्हणाल तर बोर्डो मिश्रण फायटोफ्थोराला रोखते, आणि तेही लागण होण्याआधी. सुपारीवाले पावसाआधी फवारतात ते उगीच नाही. फ्रान्समधल्या बोर्डो परिसरात मिलार्डे यांनी १८८२ च्या सुमारास पाहिले की वाटेकडेच्या द्राक्षवेलींना लोकांनी तोडू नयेत म्हणून मोरचूद आणि चुना फासला होता आणि त्याच वेलींची पाने शाबूत होती. तिथून हे औषध निघाले. एक टक्क्याचे प्रमाण शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत पाच-पाच लिटर पाण्यात विरघळवा, चुना गाळून घ्या, आणि मोरचुदाचे पाणी हळूहळू चुन्याच्या पाण्यात ओतत ढवळा. लखलखीत लोखंडी पाते मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस लेप चढला तर चुना कमी पडला आहे, थोडा आणखी घाला. ज्या दिवशी केले त्याच दिवशी वापरा. भोपळा, काकडी यांची कोवळी पाने तांब्याला नाजूक असतात, म्हणून मी घरच्या वेलावर ते फवारण्याऐवजी निम्मे पातळ करून बुंध्याभोवतीच्या मातीत ओततो. हातमोजे घाला, मुले-गुरे त्या बाजूला येऊ देऊ नका. तुमच्या मोहरीदाण्यावर मात्र याचा फारसा उपयोग नाही, तेव्हा यंदा तो खर्च करू नका.

पुढच्या वर्षाविषयी मला जास्त बोलायचे आहे, कारण खरी लढाई मृगाच्या आधीच संपते.

त्या जागी निदान तीन वर्षे भोपळा, काकडी, दोडका, पडवळ यांतले काही नको, आणि वांगी-मिरची-टोमॅटोही नकोत. मका लावा. गवताच्या कुळातल्या पिकांना हे रोग सहसा शिवत नाहीत. न्हाणीचे पाणी पन्हळ काढून केळीकडे किंवा अळवाकडे वळवा, त्यांना ते मानवते. भोपळ्याला ओल हवी असते, पण गळ्याशी साचलेले पाणी तो सोसत नाही, आणि न्हाणीशेजारी ते रोज साचते.

नवी जागा उन्हाची निवडा. एप्रिल-मेमध्ये ती खणून, एकदा भिजवून, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवा आणि कडा मातीत गाडा. काळे प्लॅस्टिक नको, पारदर्शकच हवे, म्हणजे ऊन आत शिरते आणि उष्णता कोंडते. चार ते सहा आठवडे तसेच ठेवा. इस्रायलमध्ये याकोव्ह कटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली हे शास्त्रीय रीतीने मांडले. आपल्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्यातही तण आणि किडीबरोबर वरची माती तापते. इथे लाकूडफाटा न जाळता नुसत्या उन्हावर तेच काम होते, आणि कोकणातल्या वैशाखाच्या उन्हाला यासाठी तोड नाही.

मग उंचवटा. दीड वीत उंच, दोन हात रुंद, वरून किंचित गोल. बी माथ्यावर टोकायचे आणि पाण्याचे आळे खोडापासून हातभर लांब, उंचवट्याच्या पायथ्याशी करायचे. आपण सवयीने खोडाभोवतीच वाटीसारखे आळे करतो. उन्हाळी वेलाला ते ठीक असेल, पावसाळ्यात ती वाटी भरते आणि वेलाचा गळा दिवसभर पाण्यात राहतो. शेणखत चहाच्या चोथ्यासारखे मोकळे आणि बिनवासाचे झालेलेच घाला. पाचोळा जरूर पसरा, पण खोडापासून वीतभर जागा उघडी ठेवा.

ट्रायकोडर्मा नावाची एक उपकारक बुरशी पावडरीच्या रूपात मिळते. ती रोगाच्या बुरशीला वेढून खाते. दहा किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात शंभर ग्रॅम मिसळून, किंचित ओले करून, सावलीत गोणपाटाखाली आठ-दहा दिवस ठेवा आणि मग उंचवट्यात मिसळा. बियांनाही चोळा, किलोला पाच ग्रॅम हे प्रमाण, म्हणजे तुमच्या चार बियांना चिमूट पुरे. रोग आल्यावर टाकली तर ती उशिराने आलेल्या पाहुण्यासारखी होते. बोर्डो आणि ही एकत्र देऊ नका; तांबे तिलाही मारते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, वेल मांडवावर चढवण्याआधी त्याला चार-पाच हात जमिनीवर रांगू द्या. त्या पट्ट्यावर मातीचा वरंबा करा आणि प्रत्येक पेरावर ओंजळभर माती चढवा. तीन-चार पेरांना मुळे धरली की शेंडा मांडवाकडे वळवा. वेलाला एकाऐवजी चार पाय मिळतात. माझ्या लहानपणी आमच्या आळीतल्या एक बाई श्रावणात रोज संध्याकाळी वेलावर माती टाकत फिरत. मला वाटे, त्या उघडी मुळे झाकतात. त्यांच्या परड्यात बुंधा वाळला तरी पुढचा वेल दिवाळीपर्यंत फुलत राही, याचे कारण मला कित्येक वर्षांनी, एका वेलाचा सडका बुंधा उपटताना उमगले. बुंधा हातात आला आणि वेल जागचा हललाही नाही.

ता. क. : ताईंचा परवा निरोप आला. गोणीतल्या तीन पेरांपैकी दोघांना मुळे धरली, एक काळे पडले. ठेवलेल्या दोन फळांपैकी एक गळाले, दुसरे वाढते आहे.

प्रश्न : माझ्या वेलाचा बुंधा ठणठणीत आहे, पण लिंबाएवढी फळे पिवळी पडून सडतात. ही वेलसडच का? (सातारा)

उत्तर : नाही. इथे तीन वेगळी कारणे आहेत आणि फळ कापल्याशिवाय ती ओळखता येत नाहीत.

फळ आतून स्वच्छ, कोरडे आणि आक्रसलेले असेल तर परागकण पोचलेले नाहीत. मादी फुलाखाली इवलासा भोपळा आधीपासूनच असतो, म्हणून फळ धरले असा समज होतो. फुले पहाटे उमलतात आणि दुपारच्या आत मिटतात. सकाळी आठच्या आत ताजे नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधल्या भागावर अलगद टेकवून फिरवा. पावसाच्या झडीत मधमाश्या बाहेर पडत नाहीत, तेव्हा हे काम आपणच करायचे. नर फुले पुष्कळ असतात, चार-सहा ठेवून बाकीच्यांची भजी करायला हरकत नाही.

आत पांढऱ्या अळ्या वळवळत असतील तर फळमाशी. ती कोवळ्या सालीत सुईसारखे टोक खुपसून अंडी घालते, आणि त्या भोकातून सड शिरते. सडकी फळे वेलाखाली पडू देऊ नका. अळ्या तिथल्या मातीत कोष करतात आणि नव्या माश्या वर येतात. रोज वेचून बंद पिशवीत उन्हात ठेवा. परागण झाल्यावर फळाला कागदी किंवा सुती पिशवी बांधा. क्यू ल्यूरचे सापळे मिळतात, ते नर माश्या धरतात, त्यामुळे आळीतल्या चार घरांनी मिळून लावले तर उपयोग दिसतो. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का सूर्यमुखी ही किलोभर वजनाच्या फळांची जात फळमाशीला दाद देत नाही; घरच्या बागेला ती सोयीचीही आहे.

तिसरे, फुलाकडच्या टोकाला ओलसर सड आणि त्यावर काळ्या डोक्याच्या बारीक टाचण्या उभ्या केल्यासारखी लव दिसली तर ती कोएनेफोरा बुरशी. कोमेजलेल्या ओल्या फुलावरून ती फळात उतरते. फळ धरल्यावर दोन दिवसांनी सुकलेले फूल हलकेच काढून टाका आणि दाट पाने विरळ करा. एवढे पुरते.

प्रश्न : गच्चीवर पिशवीत भोपळा लावला आहे. बुंधा सडू नये म्हणून काय करू? (पुणे)

उत्तर : पिशवीखालची ताटली आधी काढा. गच्चीवर डाग पडू नयेत म्हणून ती ठेवतात, आणि पावसात पिशवी तळापासून वर भिजलेली राहते. पिशवी दोन विटांवर ठेवा, तळाची भोके बोट जाईल इतकी मोठी करा. मातीत निम्म्याहून कमी काळी माती घ्या, बाकी कुजलेले खत आणि नारळाचा भुसा किंवा जाड वाळू. शेजारी दुसरी मातीची पिशवी ठेवून वेलाचे पाचवे-सहावे पेर तीत दाबा. वर चिपळूणच्या ताईंना सांगितले तेच इथे आणखी सोपे आहे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. जुलैमध्ये वेल एकाएकी मलूल झाला. बुंध्याला भोक आहे आणि ओला लाकडाचा भुसा बाहेर आला आहे. बुरशीनाशक कोणते घालू?

उत्तर : कोणतेही नको. हा रोग नसून अळी आहे. तिचा पतंग नारिंगी-काळा, दिवसा उडणारा आणि गांधीलमाशीसारखा दिसणारा असतो; तो बुंध्याशी अंडी घालतो आणि अळी खोडात शिरून आतला गर खाते. ही जात अमेरिकेतली आहे, महाराष्ट्रात ती आढळत नाही, म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून उत्तर मिळाले नसेल. भोकापासून वरच्या बाजूला खोडाला लांबीच्या दिशेने चीर द्या, पांढरी जाडसर अळी चिमट्याने काढा, चीर मिटवून त्यावर ओली माती चढवा आणि पुढची दोन-तीन पेरेही मातीखाली घ्या. पुढच्या वर्षी बटरनट लावून पाहा. ती आपल्या लाल भोपळ्याच्याच जातीची, भरीव खोडाची आहे, तिच्यात या अळीला सहजी शिरता येत नाही.

प्रश्न : सडलेल्या वेलावरचे भोपळे खावेत का? बी पुढच्या वर्षासाठी ठेवावे का? (रत्नागिरी)

उत्तर : फळ पूर्ण पिकलेले, टणक आणि बिनडागाचे असेल तर निःशंक खा. देठ सुकून बुचासारखा झाला आणि सालीत नख रुतेना की पिकले समजावे. काढताना तीन-चार बोटे देठ फळाला राहू द्या आणि फळ देठाला धरून उचलू नका. देठ तुटला की तिथून सड शिरते. आठ-दहा दिवस कोरड्या, उबदार पडवीत ठेवून मग माळ्यावर किंवा शिंक्यात ठेवा, एकमेकांना न टेकवता. डाग पडलेले फळ साठवू नका, आधी वापरा. मऊ, पाणी सुटलेले किंवा बुरशी आलेले टाकून द्या, गुरांनाही घालू नका. आणि भोपळ्याची फोड कडू लागली तर, वेल कितीही निरोगी असला तरी, तो भोपळा खाऊ नका. त्या कडूपणाने पोटाला गंभीर अपाय होऊ शकतो.

बी मात्र त्या वेलाचे ठेवू नका, विशेषतः डिंक दिसला असेल तर. शेजारच्या परड्यात जो वेल यंदा सडला नाही, त्या घरी एक फोड मागा.